दारावर ताबा नोटीस लागली आहे. वकील न लावता डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज कसा करायचा?

बेसा_रोड:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा रोडवरच्या एका फ्लॅटचा प्रश्न आहे, माझ्या मेव्हण्याचा. तारखांसकट लिहितो, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.

गृहकर्ज २०१७ चं, २६ लाखांचं, एका खासगी बँकेचं. नवरा-बायको दोघंही कर्जदार. सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १३(२) ची, म्हणजे थकबाकी मागणारी, नोटीस १२ मार्चची, मागणी २१ लाख ८० हजारांची. ४ एप्रिलला स्पीड पोस्टानं लेखी हरकत पाठवली. ती ७ एप्रिलला बँकेत पोचल्याची ट्रॅकिंगची नोंद जपून ठेवली आहे. बँकेचं उत्तर आजवर नाही. ३ जूनला दारावर ताबा नोटीस चिकटवली, पण घरातून कोणाला काढलेलं नाही, कुटुंब तिथंच राहतं. तीच नोटीस इंग्रजी पेपरात ८ जूनला आणि मराठी पेपरात १४ जूनला छापून आली. कलेक्टर ऑफिसकडून अजून काही आलेलं नाही. आज २७ जून.

मे महिन्यात दोन हप्ते भरले. त्यानं एनपीए, म्हणजे थकीत खात्याचा शिक्का, उठला का? सोसायटीतले लोक म्हणतात की जिल्हा न्यायालयात दावा टाकून मनाईहुकूम आणा. तसं करता येतं का? डीआरटीत स्वतः उभं राहता येतं का, फी किती, आणि मुदत कधी संपते? वकिलाची फी सध्या झेपणारी नाही.

ताबा_ते_लिलाव:
भाऊ, सगळ्यात आधी मुदत. कलम १७ चा अर्ज, ज्याला डीआरटीत सगळे एसए म्हणतात, तो बँकेनं कलम १३(४) खाली, म्हणजे ताबा घेण्याचं, पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांत दाखल व्हावा लागतो. तुमच्या बाबतीत ३ जूनपासून मोजा, १८ जुलै येतो. घरात आपणच राहतोय, म्हणजे ताबा अजून गेलाच नाही, असं समजून बहुतेक लोक इथंच फसतात. दारावरची नोटीस म्हणजे प्रतीकात्मक ताबा, आणि तेवढ्यावरही कलम १७ चा अर्ज चालतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या हिंदन फोर्ज प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून घड्याळ त्याच दिवशी सुरू झालेलं धरायचं. १८ जुलैपर्यंत थांबू नका. रजिस्ट्री त्रुटी काढते, त्या दूर करायला हाताशी आठ-दहा दिवस हवेत.

जिल्हा न्यायालयाचा रस्ता सोडून द्या. कलम ३४ नं दिवाणी न्यायालयाला या विषयात बंदी आहे. बँकेचा वकील पहिल्याच तारखेला वादपत्र फेटाळण्याचा अर्ज देतो, आणि तो निकाली निघेपर्यंत तुमचे ४५ दिवस संपलेले असतात. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट टाकली तरी पर्यायी उपाय उपलब्ध आहे म्हणून डीआरटीतच जायला सांगतात. २०१० च्या सत्यवती टंडन निकालापासून हीच भूमिका कायम आहे. बँकिंग लोकपालाकडे तक्रार जरूर करा, पण तिनं सरफेसीची कारवाई थांबत नाही.

स्वतः उभं राहता येतं. १९९३ च्या वसुली कायद्याचं कलम २३ पक्षकाराला स्वतः हजर राहायची मुभा देतं आणि सरफेसीचे अर्जही त्याच कायद्याच्या पद्धतीनं चालतात. वकीलपत्र लागत नाही. अर्जावर आणि प्रत्येक शपथपत्रावर अर्जदाराची सही लागते. मेव्हणा आणि त्याची बायको दोघंही कर्जदार आहेत, दोघांनीही सह्या कराव्यात. तुम्ही स्वतः पक्षकार नाही, त्यामुळे त्यांच्या वतीनं तुम्हाला बोलता येणार नाही. हे आधीच ठरवून घ्या, कारण तारखेच्या दिवशी नेमकी याच गोष्टीवरून धांदल होते.

फी: १० लाखांच्या आतल्या कर्जाला दर लाखामागे ५०० रुपये. १० लाख आणि त्यावर असेल तर ५,००० रुपये, अधिक १० लाखांवरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५० रुपये, कमाल मर्यादा एक लाख. २१ लाख ८० हजार म्हणजे वरचे ११.८ लाख, ते बारा धरायचे. ३,००० आणि ५,००० मिळून ८,००० रुपये. स्टेच्या अंतरिम अर्जाचे २०० वेगळे. कर्जाचा काही टक्के भाग आधी भरल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, असं कोणी सांगितलं तर ते जुनं आहे. ७५ टक्के भरायची ती अट सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात रद्द केली.

दोन हप्त्यांनी एनपीए उठत नाही. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए होतं. पण परत स्टँडर्ड व्हायला सगळीच्या सगळी थकबाकी भरावी लागते, हे रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात निःसंदिग्ध केलं आहे. तरीही भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडा. त्या एनपीएसाठी नाही, तर स्टे मागताना उपयोगी पडतात.

कागद_बोलतो:
वरचं सगळं बरोबर. मी फक्त अर्जात काय लिहायचं यावर लिहितो, कारण स्वतः लढणाऱ्यांचे अर्ज तिथंच कोसळतात.

नोकरी गेली, आजारपण आलं, आठ वर्षं नियमित हप्ते भरले, मोठ्या उद्योगपतींची कर्जं माफ होतात. हे सगळं खरं असेल, मनाला लागणारंही असेल, पण कलम १७ मध्ये न्यायाधिकरण एकच गोष्ट तपासतं: बँकेनं १३(४) खाली जे केलं ते कायद्याप्रमाणे आणि २००२ च्या नियमांप्रमाणे केलं का? म्हणून अर्जाचा कणा तारखांचा असला पाहिजे. कष्टांची कहाणी एका परिच्छेदात, स्टेच्या अर्जात लिहा. मूळ अर्जात नको.

तुमच्या तारखांमध्ये दोन गोष्टी हाताला लागतात.

पहिली मराठी पेपरची. नियम ८(२) सांगतो की ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत दोन प्रमुख पेपरांत नोटीस छापली पाहिजे, त्यातला एक स्थानिक भाषेतला आणि त्या भागात पुरेसा खपाचा. ३ जून अधिक सात म्हणजे १० जून. इंग्रजी ८ तारखेला आली, मुदतीत बसते. मराठी १४ ला आली, चार दिवस उशिरा. इथं एक काळजी घ्या: फक्त कात्रण जोडू नका. त्या दिवशीच्या अंकाचं अख्खं पान मिळवा, वर पेपरचं नाव, तारीख आणि आवृत्ती दिसली पाहिजे. कात्रणावर तारीखच नसते, आणि बँक नंतर दुसऱ्याच आवृत्तीतली आधीची जाहिरात पुढे करू शकते. ग्रंथालयात जुने अंक मिळतात. इतर मराठी पेपरांचे ४ ते १० जूनचे अंकही चाळून घ्या, म्हणजे दुसरीकडे कुठं वेळेत छापलं होतं का ते तुम्हाला आधीच कळेल.

दुसरी हरकतीची. कलम १३(३अ) प्रमाणे हरकत मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेनं कारणांसह उत्तर द्यायला हवं. ७ एप्रिलला मिळाली, म्हणजे २२ एप्रिल. उत्तर न देता थेट ताबा नोटीस लावली हा महत्त्वाचा मुद्दा आहे. मात्र तो रामबाण समजू नका. कर्जदार मधल्या काळात बँकेशी तडजोडीची पत्रं लिहीत होता, त्याचं काही नुकसान झालं नाही, असं म्हणून हा मुद्दा बाजूला ठेवला गेल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून हरकतीत नेमकं काय विचारलं होतं ते बघा. हिशेब मागितला होता, एखादी रक्कम नाकारली होती, तर उत्तर न मिळाल्यानं काय अडलं ते एका वाक्यात लिहा. नुसतं ‘मुदत द्या’ एवढंच पत्र असेल तर मुद्दा पातळ होतो.

याशिवाय चार गोष्टी तपासा. १३(२) च्या नोटिशीत रकमेचा तपशील आणि तारण मालमत्तेचं पूर्ण वर्णन आहे का? फ्लॅट नंबर, मजला, खसरा क्रमांक, मौजा. नागपुरात एकाच बिल्डरच्या दोन लेआउटमध्ये प्लॉट क्रमांक सारखे असतात आणि वर्णनात मौजा चुकतो, असं खरोखर घडतं. नोटीस दोघाही कर्जदारांना वेगवेगळी मिळाली का? सही करणारा अधिकृत अधिकारी पुरेशा हुद्द्याचा आहे का? आणि बँकेनं तारणाची नोंद सेरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) केली आहे का? जानेवारी २०२० पासून कलम २६ड लागू आहे, नोंद नसेल तर बँकेला या कायद्याखाली कारवाईच करता येत नाही. सेरसाईच्या संकेतस्थळावर नाममात्र फी भरून कोणीही शोध घेऊ शकतं. बहुतेक वेळा नोंद असते, पण बघून घ्यायला काय जातं?

रकमेच्या हिशेबासाठी खात्याचं पूर्ण स्टेटमेंट मागा, कर्ज दिल्यापासूनचं. त्यात दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावलंय का ते शोधा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं दंडव्याज बंद करून दंडशुल्क ठेवलं आणि त्यावर व्याज चढवायला मनाई केली. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. पाच-सात हजारांच्या फरकानं नोटीस रद्द होत नाही, हेही खरं. पण पुढं तडजोडीला बसाल तेव्हा हाच कागद कामाला येतो.

बेसा_रोड:
मनापासून आभार. हरकतीत स्टेटमेंट मागितलं होतं आणि ‘इतर खर्च’ म्हणून लावलेल्या ३८ हजारांचा तपशील विचारला होता. म्हणजे मुद्दा उभा राहतो असं दिसतं. कागद कसे लावायचे? आणि सगळं मराठीत चालेल का?

ताबा_ते_लिलाव:
३८ हजारांचा तपशील मागितला होता आणि उत्तर आलं नाही, हे अर्जात ठळक घ्या.

मराठीत चालणार नाही. डीआरटीच्या कामकाजाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी आहे, आणि दुसऱ्या भाषेतल्या कागदासोबत भाषांतर द्यावं लागतं. मराठी पेपरातली नोटीस, मराठीत लिहिलेली हरकत, सोसायटीचं पत्र, या सगळ्यांची भाषांतरं आताच करून ठेवा. इंग्रजी जमत नसेल तर अर्ज हिंदीत लिहा. नागपूरच्या माणसाला हिंदीत उभं राहून बोलणंही सोपं जातं.

लावायचा क्रम साधा ठेवा. अनुक्रमणिका, दोन पानांत प्रकरणाचा गोषवारा, तारखांचा तक्ता, मूळ अर्ज, शपथपत्र, मग जोडपत्रं. नंतर स्टेचा अंतरिम अर्ज, त्याचं वेगळं शपथपत्र. सगळ्या पानांना सलग क्रमांक. अर्जाच्या प्रत्येक विधानासमोर जोडपत्राचा पान क्रमांक लिहा, जसं ‘मराठी दैनिकात दि. १४ जून रोजी प्रसिद्धी, पान ४७’. सुनावणीत तीन-चार मिनिटं मिळतात आणि पीठासीन अधिकारी विचारतात, कुठं आहे ते? तेव्हा पानं उलटत बसला तर वेळ गेलाच. दाखल करणं ई-डीआरटी पोर्टलवरून होतं, शिवाय कागदी संच द्यावे लागतात. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं करा. तिरक्या, पुसट मोबाईल फोटोंवर त्रुटी निघते आणि दिवस जातात. किती संच हवेत आणि फी कुठल्या मार्गानं भरायची ते आधी रजिस्ट्रीच्या खिडकीवर जाऊन विचारून या.

एक गोष्ट हमखास राहते. बँकेनं कलम १८क खाली कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, लावून ठेवलेलं असतं. रजिस्ट्रीत मेव्हण्याच्या नावावर कॅव्हेट शोधायला सांगा. असेल तर अर्जाची पूर्ण प्रत बँकेला आणि तिच्या वकिलाला आधी पोचती करून तिची पोच जोडायची. नाहीतर स्टेच्या दिवशी बँकेचा वकील उठून म्हणतो की आम्हाला प्रतच मिळाली नाही, आणि तारीख पुढं जाते.

स्टेच्या अर्जात नुसतं ‘कारवाई थांबवा’ लिहू नका. ‘अर्जाचा निकाल लागेपर्यंत अमुक फ्लॅटचा प्रत्यक्ष ताबा घेऊ नये, लिलावाची नोटीस प्रसिद्ध करू नये, विक्री करू नये’ असं सुटं सुटं मागा. एक नाकारलं तरी दुसरं मिळू शकतं.

कायदा म्हणतो की अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा, फार तर चार महिन्यांत. प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असं धरून चालू नका.

सीताबर्डी_वाचक:
मधेच विचारतो, यूट्यूबवर सांगतात की बँकेनं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर मूळ सहीचे कागद मागा, ते दाखवू शकले नाहीत तर कर्जच संपतं. हे इथं चालतं का? आमच्याही नोटिशीवर आता एका एआरसीचं (बँकांची थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीचं) नाव आहे.

कागद_बोलतो:
नाही, या मुद्द्यावर कृपया एक पैसाही खर्च करू नका. तो युक्तिवाद अमेरिकेतल्या कर्जव्यवहारातून आलेला आहे. तिथं अनेक राज्यांत बँकेलाच कोर्टात दावा लावून जप्तीचा हुकूम घ्यावा लागतो, आणि कर्जरोखा हातात आहे का हा प्रश्न तिथं उभा राहतो. आपल्याकडे सरफेसीत बँक कोर्टाशिवाय कारवाई सुरू करते आणि कोर्टात जायचं काम कर्जदाराचं असतं. सगळी चाकं उलटी आहेत. कलम ५ प्रमाणे एआरसीनं कर्ज घेतलं की बँकेचे सगळे हक्क तिच्याकडे येतात. कर्जदाराची संमती लागत नाही. तुम्ही एवढंच करा: हस्तांतराच्या दस्ताची प्रत मागा, त्याच्या यादीत तुमचा खाते क्रमांक आहे का बघा, आणि १३(२) ची नोटीस हस्तांतराच्या आधी कोणी दिली व नंतरची पावलं कोणी उचलली याचा मेळ लागतो का तपासा. मेळ लागत नसेल तर तो मुद्दा.

तसंच घर वाचवायला कोणी जुन्या तारखेचा भाडेकरार करून द्यायला निघालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालमत्ता विकता किंवा भाड्यानं देता येत नाही, १३(१३) बघा. खोटा कागद डीआरटीत उघडा पडला की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर भागात अजून एक सल्ला हमखास दिला जातो: सातबाऱ्यावर जमीन शेतीची आहे, म्हणून सरफेसी लागूच नाही. कलम ३१(झ) शेतजमिनीला वगळतं हे खरं. पण कागदावर शेती लिहिलंय एवढ्यानं भागत नाही, प्रत्यक्ष शेती चालते हे कर्जदारालाच सिद्ध करावं लागतं. त्यावर चार मजली इमारत उभी असेल तर हा मुद्दा अर्जात घालून अर्जाचं वजन घालवू नका.

वाडी_एमआयडीसी:
आमचं कर्ज बँकेचं नाही, पतसंस्थेचं आहे. हेच सगळं लागू होईल का?

सहकार_कलम:
नाही, तुमचा रस्ता पूर्ण वेगळा आहे आणि घाई जास्त. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०२० मध्ये पांडुरंग चौगुले प्रकरणात ते पक्कं केलं. पतसंस्थेला मात्र हा कायदा नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. मग १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे विशेष वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो. डीआरटीचा यात संबंध नाही.

कलम १०१ च्या अर्जाची नोटीस आली की तिथंच हजर राहून लेखी म्हणणं द्या. लोक ती नोटीस साधी मागणी समजून बाजूला टाकतात, आणि दाखला एकतर्फी निघतो. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज दोन महिन्यांत करायचा असतो. तो ऐकून घ्यायच्या आधी एकूण वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के संस्थेकडे भरावे लागतात. दाखला सहायक किंवा उपनिबंधकाचा असेल तर पुनरीक्षण विभागीय सहनिबंधकांकडे. दाखल्याच्या आधीच्या टप्प्यावर एक रुपयाही भरावा लागत नाही, म्हणून लढायचं ते तिथंच. व्याजदर करारात किती, लावला किती, भरलेल्या रकमा आधी कशात वळत्या केल्या, यावर बोट ठेवा.

बेसा_रोड:
परत मूळ विषयावर. कलेक्टरांकडचा टप्पा कधी येतो आणि तिथं आमचं म्हणणं ऐकतात का? आणि स्टे मिळायला पैसे भरावे लागतील का?

ताबा_ते_लिलाव:
घरातून प्रत्यक्ष बाहेर काढायला बँकेला बहुधा कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरांकडेच, जावं लागतं. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं, हे २०१९ च्या विशालाक्षी निकालानं ठरलं. बँक नऊ मुद्द्यांचं शपथपत्र देते: कर्ज किती, तारण कोणतं, खातं एनपीए कधी झालं, १३(२) ची नोटीस दिली, हरकत आली असल्यास तिचा विचार करून उत्तर कळवलं, वगैरे. कायद्यानं ३० दिवसांत आदेश, कारणं नोंदवून एकूण ६० दिवसांपर्यंत. तिथं कर्जदाराची सुनावणी होत नाही, त्यामुळे तिथं जाऊन भांडण्यात अर्थ नाही. पण सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसात नक्कलेचा अर्ज करून शपथपत्राची प्रत जरूर मिळवा. तुमच्या हरकतीला उत्तर दिलं असं त्यात शपथेवर लिहिलेलं सापडलं तर डीआरटीत तो तुमचा सगळ्यात धारदार कागद ठरेल. कलम १४ च्या आदेशानंतरची कारवाईसुद्धा कलम १७ मध्येच आव्हान देता येते. तुमचा एसए आधीच दाखल असेल तर दुरुस्ती अर्ज देऊन ती त्यात घाला.

त्यानंतर तहसील कार्यालयाकडून पोलीस बंदोबस्तासह ताब्याची तारीख कळवली जाते. ती तारीख हातात पडली की त्याच दिवशी डीआरटीत तातडीच्या सुनावणीचा अर्ज द्या. पीठासीन अधिकाऱ्याचं पद रिकामं असलं तर कार्यभार दुसऱ्या डीआरटीकडे असतो आणि सुनावणी व्हिडिओवर होते. तो कोणाकडे आहे हे रजिस्ट्रीला विचारून ठेवा. कुठंच खंडपीठ बसत नसेल आणि ताब्याची तारीख दोन दिवसांवर असेल, तर तेवढ्या मर्यादित कारणासाठी हायकोर्टात जाता येतं.

स्टेचं: अर्ज दाखल करायला कर्जाचा कोणताही भाग आधी भरावा लागत नाही, पण स्टे देताना न्यायाधिकरण बहुतेक वेळा काही रक्कम भरायची अट घालतं. किती, ते प्रकरणावर आहे. म्हणून जाताना हात हलवत जाऊ नका. किती रक्कम किती तारखेला भरू शकता हे शपथपत्रात स्वतःहून लिहा, आणि झेपेल तेवढंच लिहा. अट मान्य करून पैसे भरले नाहीत की स्टे आपोआप उठतो, आणि मग दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

अपिलाचंही आताच माहीत असू द्या. डीआरटीचा अंतिम निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात जायचं, आणि तिथं मात्र कर्जाच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. कारणं दाखवली तर २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, त्याखाली नाही. म्हणून जी काही ताकद लावायची ती डीआरटीतच लावा.

विधी_सेवा:
वकिलाची फी झेपत नाही म्हणून एकटं लढायचं ठरवत असाल तर थांबा. कर्जदारांमध्ये मेव्हण्याची बायको आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही तसंच. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. त्या कायद्यात ‘न्यायालय’ म्हणजे न्यायाधिकरणही धरलं आहे, म्हणून डीआरटीच्या प्रकरणालाही मागता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ताईंच्या नावानं अर्ज द्या, सोबत ताबा नोटीस आणि ४५ दिवसांची शेवटची तारीख ठळक लिहा. १५१०० ही हेल्पलाइन आहे. वकील नेमला जाईपर्यंत कागद जमवायचं आणि तारखांचा तक्ता करायचं काम चालूच ठेवा. नेमलेल्या वकिलाला या विषयाची सवय असेलच असं नाही, आणि तुमचा तक्ता तयार असेल तर त्यालाही पटकन पकड येते.

कागद_बोलतो:
शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण घर जाईल की राहील हे त्यावर ठरतं. एसए जिंकला तरी कर्ज जात नाही. मराठी पेपर उशिरा छापला म्हणून ताबा नोटीस रद्द झाली, तर बँक चूक सुधारून त्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करू शकते. तुमच्या हातात आला तो वेळ. तो वेळ कशाला वापरायचा हे अर्ज टाकायच्या आधी ठरवा: थकबाकी भरून खातं नियमित करायला, एकरकमी तडजोड करायला, की बँकेच्या संमतीनं स्वतः चांगल्या भावात विकून उरलेले पैसे हाती घ्यायला.

या तिन्हींसाठी एक रेघ आखलेली आहे. पूर्ण देणं आणि खर्च भरून मालमत्ता सोडवायचा हक्क कलम १३(८) मध्ये आहे, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर नोटीस छापून येईपर्यंतच आहे. आधी विक्री पूर्ण होईपर्यंत वेळ मिळायचा. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून गिऱ्हाईक शोधायचं ते आता, लिलावाची जाहिरात बघून नाही.

एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, कोर्ट बँकेला ती मान्य करायला लावू शकत नाही. तेव्हा प्रस्ताव लेखी द्या, रक्कम आणि तारखा नेमक्या लिहा, शक्य असेल तर पहिल्या हप्त्याच्या धनादेशासह. ‘बघा ना साहेब काहीतरी’ या बोलण्याची फाइलमध्ये नोंद होत नाही.

आणि लिलाव निघालाच तर पुन्हा कागद तपासायला बसा. मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून आहे का, कर्जदाराला ३० दिवसांची विक्री नोटीस मिळाली का, पहिल्या लिलावाआधी जाहीर नोटिशीपासून ३० दिवस गेले का (पहिला फसला तर पुढच्याला १५ चालतात), राखीव किंमत आजूबाजूच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या मानानं किती खाली आहे. त्याच इमारतीतल्या एक-दोन फ्लॅटच्या अलीकडच्या विक्रीखताची सूची-२ (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून काढून ठेवा. किंमत कमी धरली असं नुसतं म्हणण्यापेक्षा ते दोन कागद पुष्कळ जास्त बोलतात. बोली जिंकणाऱ्यानं त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के आणि उरलेले १५ दिवसांत भरले का, तेही बघायचं. ही मुदत लेखी करारानं वाढवता येते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही.

बेसा_रोड:
सोमवारी ताईंचा अर्ज विधी सेवा कार्यालयात देतोय, आणि त्याच फेरीत रजिस्ट्रीत कॅव्हेट बघून येतो. १४ जूनचा अख्खा अंक मिळाला आहे. ४ ते १० जूनचे मराठी अंक ग्रंथालयात उद्या बघतो.

ताबा_ते_लिलाव:
उत्तम. दारावरच्या नोटिशीचा फोटो काढला नसेल तर आजच काढा, दार आणि फ्लॅट नंबर दोन्ही दिसतील असा. ती नोटीस दारावरून काढू नका. आणि बँकेचं हरकतीला उत्तर आता मागाहून आलं तर लिफाफा फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का पत्रावरच्या तारखेशी जुळतो का ते बघून लिफाफ्यासकट जोडपत्रात लावा.